वरची खोली स्तामातियाची

केस ओले झाले नाहीत तर ते स्नान मोजायचं की नाही, यावर चौघींचं गेल्या तेहतीस उन्हाळ्यांत एकदाही एकमत झालं नव्हतं.

"टोपी घालून गळाभर पाण्यात उभं राहायचं, याला स्नान म्हणत नाहीत, अंथुला. याला पाय धुणं म्हणतात," लुकिया म्हणाली.

"गळ्यापर्यंत पाय तुझे असतील. माझं आजचं चौदावं. ध्यानात ठेव."

"काल तर बारावं म्हणालीस."

"काल दोनदा आले. मध्ये बाहेर गेले, अंग पुसलं, एक पीच खाल्लं, परत आले. अंग कोरडं झालं की पुढचं नवीन. डॉक्टरांना विचार हवं तर."

"कुठल्या? गुडघ्याच्या की डोक्याच्या?" मिर्सिनीने विचारलं, आणि पाण्यावरच्या चार टोप्या एकदम हलल्या.

लिमानाकी गावात हे असंच चालतं. उन्हाळ्यात समुद्रात निदान वीस स्नानं झाली की हिवाळाभर हाडं कुरकुरत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि सप्टेंबरात अथेन्सला परतल्यावर भेटेल तो आधी स्नानांचा आकडा विचारतो, मग तब्येत. पोहायचं वगैरे काही नसतं. सकाळी नऊला पाण्यात शिरायचं, छातीला पाणी लागलं की थांबायचं, तोंडं आत करून गोल धरायचा आणि बोटं सुरकुतेपर्यंत बोलत राहायचं. नवरे होते तेव्हा ते किनाऱ्यावर कॉफी पीत या गोलाला पार्लमेंट म्हणायचे. आता नवरे उरले नव्हते. मिर्सिनीचा आणि लुकियाचा देवाघरी गेला होता आणि अंथुलाचा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पार्लमेंट मात्र दर ऑगस्टला भरत होतं.

स्तामातियाला नवरा नव्हताच, त्यामुळे तो जाण्याचा प्रश्न आला नाही. चौघी अथेन्सच्या एका पेन्शन कचेरीत समोरासमोरच्या चार टेबलांवर सव्वीस वर्षं बसल्या होत्या. लोकांचं म्हातारपण फायलींत बांधून ठेवायचं, हे त्यांचं काम. मिर्सिनीच्या सासरचं लिमानाकीला समुद्राकाठी दुमजली घर होतं. एका ऑगस्टला तिने तिघींना बोलावलं, आणि मग कुणाला बोलवायची गरजच पडली नाही. गोलात सगळ्यात कमी बोलायची ती स्तामातिया. कुठल्याही गोलाला एक ऐकणारं माणूस लागतं, आणि ती जागा पहिल्या दिवसापासून तिची होती.

या वर्षी मात्र तिला बोलायचं होतं. रोज पाण्यात शिरताना ती मनाशी ठरवून शिरायची आणि रोज न बोलता बाहेर यायची.

गोष्ट अशी होती, की तिने अथेन्सचं घर सोडलं होतं.

किप्सेलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. त्यात ती अडतीस वर्षं राहिली. म्हातारे मालक वारले आणि त्यांच्या मुलाला ते घर प्रवाशांना दिवसाच्या बोलीवर द्यायचं होतं. फेब्रुवारीत तो फार अदबीने येऊन बसला, केक घेऊन आला होता, आणि ऑगस्टअखेर घर मोकळं करा म्हणाला. शेजारीण म्हणाली, वकील गाठ. चुलत भाऊ म्हणाला, दुसरं घर बघू, तोवर माझ्या दिवाणखान्यातल्या कोचावर झोप. स्तामातियाने दोघांनाही मान डोलावली आणि काहीच केलं नाही. जुलैत तिने कपाटं वाटून टाकली, भांडी चर्चमध्ये नेऊन दिली, किल्ल्या त्या मुलाच्या हातावर ठेवल्या आणि दोन सुटकेसी घेऊन लिमानाकीची बस धरली. तिला घाबरायचं काही कारण नव्हतं. तिला जायला जागा होती. वरची खोली होती.

तेहतीस वर्षांपूर्वी, याच पाण्यात, मिर्सिनी म्हणाली होती, "म्हातारपणी आपण चौघींनी इथेच येऊन राहायचं. नवरे गेलेले असले तर ठीक, नसले तर त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवू." मग तिथल्या तिथे खोल्यांची वाटणी झाली. लुकियाचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, तिला खालची. अंथुला घोरते, ती स्वयंपाकघराच्या पलीकडे. वरची खोली स्तामातियाची, कारण तिचे पाय धड आहेत आणि तिला सकाळचं ऊन लागतं. सोमवारी मसूर, शुक्रवारी मासे, आणि रविवारी कुणी चुलीजवळ जायचं नाही. पुढच्या ऑगस्टला हे सगळं पुन्हा म्हटलं गेलं, त्याच्या पुढच्याला पुन्हा. दर वर्षी त्यात काहीतरी भर पडे. एका वर्षी नाडी बघायला एक देखणा डॉक्टर ठेवायचं ठरलं, एका वर्षी बाजारहाटासाठी गाढव. गाढवाला नावसुद्धा दिलं होतं, अंथुलाच्या नवऱ्याचं.

बाकीच्या तिघी हे म्हणत होत्या आणि स्तामातिया ते ऐकत होती. म्हणण्यात आणि ऐकण्यात केवढा फरक असतो, हे अडुसष्टाव्या वर्षीही तिला कळलेलं नव्हतं. दुसरी कुठली खोली तिला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती, म्हणून ही तिने मनात झाडून पुसून ठेवली होती. किप्सेलीत दिवे गेले, जिन्यात कुणी भांडलं, सणाच्या दिवशी फोन वाजला नाही, की ती मनातल्या मनात त्या खोलीत जाऊन बसायची आणि पलंग खिडकीकडे सरकवायची.

आता फक्त सांगायचं होतं. कसं सांगायचं तेही तिने ठरवलं होतं. दर वर्षी कुणीतरी ते वाक्य म्हणायचंच. म्हातारपणी आपण चौघी. ते कानावर पडलं की आपण म्हणायचं, मी आले, यंदापासूनच. त्यात मागण्यासारखं काही नव्हतं. आपलीच गोष्ट आपण घ्यायला आलो, इतकंच.

पण यंदा ते वाक्य कुणी म्हणेना.

पहिला आठवडा गेला. पंधरा ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणापर्यंत लुकियाचा उपास होता, तर अंथुला मुद्दाम तिच्यासमोर कलिंगडाबरोबर खारं चीज खात होती आणि "देव बघतोय" म्हटलं की "त्यालाही देते" म्हणत होती. सण झाला, चर्चच्या अंगणात जेवणं झाली. गोलात सगळे विषय निघाले. लुकियाची मुलगी, जिच्याकडे ती आता राहत होती. अंथुलाची जुळी नातवंडं, जी हिवाळाभर तिच्याच गळ्यात असायची. मिर्सिनीचा मुलगा स्त्रातोस, जो अथेन्समध्ये तिच्या डोक्यावरच्याच मजल्यावर राहत होता आणि तिने किती मीठ खाल्लं याची चौकशी करत होता. म्हातारपणाचाच विषय तेवढा निघाला नाही. ते लांब होतं तोवर त्यावर हसता येत होतं. आता ते उंबऱ्याशी येऊन उभं होतं, आणि पाहुणा दारात असताना त्याच्या नकला कोण करतं?

स्तामातियाने आपल्या परीने वाट करून पाहिली. एकदा जेवताना म्हणाली, "वरच्या खोलीची खिडकी नीट बसत नाही. थंडीत वारा आत येत असेल."

"येत असेल," मिर्सिनी म्हणाली. "लिंबू दे इकडे."

दुपारची वेळ तिला सगळ्यात जड जायची. जेवणं झाली की खिडक्यांची दारं ओढली जात, आणि अंधारलेल्या घरात तिन्ही खोल्यांतून फोनवरची कुजबुज सुरू व्हायची. आजीला पापा दे. औषध घेतलंस का. भांडू नका रे, दोघांनी अर्धं अर्धं घ्या. स्तामातिया वर आपल्या पलंगावर पडून ते ऐकायची. तिच्या फोनवर फक्त बँकेचे निरोप यायचे. खाली तीन मैत्रिणी होत्या, हाकेच्या अंतरावर, आणि तरी त्या वेळी ती किप्सेलीतल्यापेक्षा जास्त एकटी असायची. किप्सेलीत निदान ऐकायला काही नव्हतं.

एका दुपारी मिर्सिनी चादर घ्यायला वर आली. तिने कपाट उघडलं आणि आतून राखाडी लोकरी कोटाची बाही बाहेर ओढली. बाहेर अडतीस अंश होते. सिकाडा किडे कान किटवत होते.

"हा काय प्रकार?"

"बसमध्ये एसी फार असतो," स्तामातिया म्हणाली.

"एसी असतो की बर्फ पडतो?"

मिर्सिनी हसली. मग तिने कोट परत आत लोटला, बाही सरळ केली, आणि हात त्या बाहीवरच ठेवून कपाटाकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. स्तामातिया पलंगावर उठून बसली. आता विचार, ती मनात म्हणाली, एकदा विचार फक्त.

"चल, टोमॅटो भरायचेत," मिर्सिनी म्हणाली. "तुझ्याशिवाय आतल्या भाताचा अंदाज चुकतो माझा."

ऑगस्ट संपायला तीन दिवस राहिले. त्या सकाळी समुद्र अगदी शेजेवरच्या चादरीसारखा पडला होता. अंथुला पाण्यात शिरली ती दोन्ही हात वर करूनच.

"तीस," ती म्हणाली. "पीच धरून. कुणी वाद घालायचा नाही."

"सगळी पिचं धरून," लुकिया म्हणाली.

"जळ तू. बायांनो, आपण म्हातारपणी इथेच येऊन राहिलो ना, तर वर्षाला दोनशे होतील माझी."

स्तामातियाने ते ऐकलं. आलं होतं एकदाचं.

"म्हातारपणी म्हणजे अजून कधी गं?" लुकिया म्हणाली. "माझे दात रोज ग्लासात झोपतात."

सगळ्या हसल्या, आणि हसण्याच्या भरात जुनी गाडी आपोआप रुळाला लागली. मला खालची खोली, लुकिया म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या पलीकडे, आणि मी घोरत नाही, अंथुला म्हणाली. त्यापुढचं वाक्य मिर्सिनीचं असायचं. पण मिर्सिनीची टोपी नेमकी तेव्हाच सैल झाली होती, आणि ती हनुवटीखालचा बंद सोडून पुन्हा बांधत होती.

"वरची माझी," स्तामातिया म्हणाली.

"अर्थात तुझी," अंथुला म्हणाली.

"नाही, म्हणजे मी खरंच आले आहे. किप्सेलीचं घर सोडलं मी. किल्ल्या देऊन आले. मला आता परत जायचं नाही."

तिला वाटलं होतं, आवाज चढेल, मिठ्या पडतील, अंथुला रडेल. तसं काही झालं नाही. 

"देऊन आलीस म्हणजे?" लुकियाने विचारलं.

स्तामातियाने सांगितलं. मालक वारले, मुलगा आला, जुलैत घर रिकामं केलं. तिचं बोलणं संपायच्या आतच दोघी बोलायला लागल्या, एकीच्या बोलण्यावर दुसरी. लुकियाच्या मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक जागा होती, जरा अंधारी, पण दिवा लावला की काही नाही. अंथुलाच्या भाच्याचा मित्र वकील होता, त्या पोराला नुसती एक नोटीस गेली की सुतासारखा सरळ येईल. इतक्या भराभर, इतक्या मायेने त्या उपाय सुचवत होत्या, की त्यातला एकही उपाय लिमानाकीकडे वळत नाही हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.

मिर्सिनी शेवटी बोलली. टोपी आता घट्ट बसली होती.

"इथे हिवाळ्यात फार ओल येते, स्तामातिया. तुला कल्पना नाही. भिंतींना बुरशी धरते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. शिवाय स्त्रातोसच्या मनात या घराचं काहीतरी आहे, अजून ठरलं नाही, पण आहे. आणि तू एकटी काय करशील गं इथे?"

एकटी. स्तामातियाने बाकीचं ऐकलंच नाही. ओल, बुरशी, डॉक्टर, सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. कोट होता, स्टोव्ह घेता आला असता. पण तेहतीस वर्षं ज्या वाक्यात चौघी होत्या, त्यात आता एकटी होती, आणि ते म्हणताना मिर्सिनीला काही चुकल्यासारखं वाटलंसुद्धा नव्हतं. आपण खोली घ्यायला आलो नव्हतो, तिच्या ध्यानात आलं. आपण या तिघींना घ्यायला आलो होतो. आणि तिघींना आपापली घरं होती.

तिने टोप्यांखालचे तीन चेहरे पाहिले. त्या वाईट बायका नव्हत्या. पोटात दुखतं म्हणाली असती तर तिघींनी रात्र जागून काढली असती. पण आत्ता त्या घाबरल्या होत्या. आपल्या चौकटीत कुणी पाय ठेवला तर काय करायचं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. तिच्या जन्मात तिला कुणी असं घाबरलं नव्हतं, आणि ते तिला सोसवेना.

"काय तोंडं झालीत एकेकीची," ती म्हणाली. "थट्टा केली गं."

"काय?"

"थट्टा. घर आहे तिथंच आहे. मालकही ठणठणीत आहेत. म्हटलं, दर वर्षी नुसत्या बाता मारता, बघावं एकदा."

"अगं मेले," अंथुला किंचाळली आणि दोन्ही हातांनी पाणी तिच्या अंगावर उडवलं. लुकियाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग तीही पाणी उडवायला लागली. तिघींचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाज स्तामातियाला अगदी जवळून ऐकू आला. मिर्सिनी सगळ्यात शेवटी हसली. कचेरीतल्या सव्वीस वर्षांत स्तामातियाने एकही थट्टा केली नव्हती, हे तिघींनाही माहीत होतं. तरी कुणी शंका घेतली नाही. शंका घेतली असती, तर मग पुढे काय करायचं हा प्रश्न होता.

एकतीस तारखेला स्त्रातोस गाडी घेऊन आला. त्याच्या गाडीत तीन बायका आणि त्यांचं सामान एवढंच मावायचं, म्हणून स्तामातिया दर वर्षी बसनेच ये-जा करायची. मिर्सिनीने घरभर फिरून खिडक्या लावल्या, गॅस बंद केला, दार ओढलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. चौघींनी गालाला गाल लावले. "हिवाळ्यात एकदा भेटू या हं," लुकिया म्हणाली. हेही त्या दर वर्षी म्हणायच्या, आणि हे मात्र स्तामातियाने कधी खरं धरलं नव्हतं.

ती बसथांब्यावर दोन सुटकेसींच्या मध्ये बसली. गाडी समोरून गेली, हॉर्न वाजला, मागच्या काचेतून तीन हात हलले. अर्ध्या तासाने बस आली. ड्रायव्हर खाली उतरून सुटकेस उचलायला वाकला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी नाही यायची."

कुठे जायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. चुलत भावाच्या कोचावर नाही, आणि लुकियाच्या मुलीच्या तळमजल्यावर तर नाहीच, कारण ते घर आता ती मागू शकत नव्हती. बेकरीच्या मागे थोदोराबाईंच्या दोन खोल्या होत्या, उन्हाळी पाहुण्यांसाठी. स्तामातिया तिथे गेली आणि मे महिन्यापर्यंत एक हवी म्हणाली. थोदोराबाईंनी तिला वरून खाली पाहिलं.

"तुम्ही त्या मिर्सिनीबाईंकडच्या ना? त्यांचं एवढं मोठं घर असताना?"

"ते बंद असतं," स्तामातिया म्हणाली.

थोदोराबाईंनी किल्ली काढून दिली. संध्याकाळी त्यांनी एक स्टोव्ह आणि जाड रजई आणून ठेवली.

सप्टेंबरभर ती रोज समुद्रात गेली. पाणी ऑगस्टपेक्षाही उबदार होतं. पण गोल नसला की तोंड कुणीकडे करायचं हेच कळेना. समोर केलं तर समुद्र फारच मोठा वाटायचा. गावाकडे केलं तर मिर्सिनीच्या लावलेल्या खिडक्या दिसायच्या. ती एकदा इकडे वळायची, एकदा तिकडे, आणि बोटं सुरकुतायच्या आतच बाहेर यायची. कधी कधी दिवस दिवस ती फक्त "एक पाव" आणि "बरं आहे" एवढंच बोलायची. तिला वाटायचं, ओरडावं, निदान आपला आवाज तरी कानावर पडेल. पण ओरडायची सवय नव्हती.

मिर्सिनीचा फोन रविवारी सकाळी यायचा, कचेरी सुटल्यापासूनची रीत होती ती. त्याआधी स्तामातिया खिडकी लावून घ्यायची, लाटा ऐकू जाऊ नयेत म्हणून.

"किप्सेली काय म्हणते?"

"काय म्हणणार. खाली गाड्या, वर ती शेजारीण."

"अजून खुर्च्या ओढते?"

"आता तर टेबलसुद्धा."

थट्टा एकदा केली की निभवावी लागते. स्तामातियाने त्या शेजारणीला सून आणली, मग सुनेशी भांडण लावलं. पूर्वी तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. आता ती दर रविवारी मिर्सिनीला हसवत होती.

नोव्हेंबरात एका सकाळी ती बेकरीतून पाव घेऊन निघाली. पाऊस भुरभुरत होता. तिने राखाडी कोट घातला होता आणि गरम पाव छातीशी धरला होता. धक्क्यावरच्या अरुंद रस्त्यात कोळ्यांनी जाळी पसरून ठेवली होती, आणि ती गोळा होईपर्यंत एक गाडी थांबून राहिली होती. स्त्रातोसची गाडी. मागच्या सीटवर कुणी अनोळखी जोडपं होतं. पुढे, या बाजूच्या काचेशी, मिर्सिनी.

दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं. मिर्सिनीने आधी कोट पाहिला, मग पाव, मग चेहरा. स्तामातियाचा हात आपोआप वर गेला, अर्धाच. मिर्सिनीचे ओठ हलल्यासारखे झाले. मग तिने मान वळवून सरळ समोर पाहिलं, जणू समोर जाळी उचलणाऱ्या कोळ्यांत बघण्यासारखं काही होतं. जाळी उचलली गेली. गाडी पुढे गेली.

स्तामातिया जवळजवळ धावतच खोलीवर आली. तिने स्टोव्ह पेटवला, पलंग आवरला, कॉफीचं पाणी ठेवलं आणि दोन कप काढले. लोकांसमोर कशी बोलेल ती? त्या पाहुण्यांना घर दाखवून झालं की येईल. बेकरीत विचारेल, कुणीही सांगेल. दारात उभी राहून शिव्या घालेल, मूर्ख बाई म्हणेल, रडेलही कदाचित. स्तामातियाने पाणी तीनदा गरम केलं. खिडकीतून तिला मिर्सिनीच्या घराची उघडलेली दारं दिसत होती, वरच्या खोलीचीसुद्धा. मग ती एकेक करून लागली. मग धक्क्यावरून गाडी परत गेली, या वेळी न थांबता.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"काय करतेस?" मिर्सिनीने विचारलं.

"कॉफी घेतेय."

"मी गुरुवारी लिमानाकीला गेले होते. स्त्रातोसबरोबर. घर बघायला माणसं आली होती."

"असं?"

"घाईतच गेलो नि आलो. पाऊसही होता." मिर्सिनी थांबली. स्तामातियाने तिचा श्वास ऐकला, तोंडाशी फोन फार जवळ धरला की येतो तसा. "किती ओसाड असतं गं तिथे. रस्त्यात एक ओळखीचं माणूस दिसलं नाही."

एका वाक्याचं काम होतं. मी होते ना, एवढंच म्हणायचं. पण मिर्सिनी तिला काही सांगत नव्हती. ती विनवत होती. मी होते म्हटलं की मिर्सिनीला काच खाली करावी लागणार होती, घराची किल्ली काढावी लागणार होती, नाहीतर ती का काढत नाही ते सांगावं लागणार होतं. आणि त्यानंतर पुढचा रविवार आला नसता. मैत्रीण हवी असेल तर आपण लिमानाकीत नाही असंच जगायला हवं, हे स्तामातियाला कळलं. आणि तिला मैत्रीण हवी होती. दुसरं कुणी नव्हतंच तिला.

"कोण दिसणार," ती म्हणाली. "आपण सगळ्या इकडे अथेन्सला."